विश्लेषण : कातळावर हात का सुटतो? भोर-वेल्ह्याच्या किल्ल्यांवर गर्दी वाढत असताना 'पकड' समजून घेणं का गरजेचं आहे?

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा काळातल्या १२ किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्यात पुणे जिल्ह्यातल्या वेल्हे तालुक्यातला राजगडही आहे. त्यानंतर काही आठवड्यांतच वेल्हे तालुक्याचं नाव 'राजगड' करण्यात आलं. ट्रेकर्सच्या तोंडी मात्र अजून वेल्हेच आहे.

आधीच सुट्टीच्या दिवशी गजबजणाऱ्या राजगड-तोरण्याच्या वाटांकडे यामुळे आणखी लोकांचं लक्ष गेलं. दुसऱ्या बाजूला पुण्या-मुंबईत कृत्रिम भिंतींवर चढाई शिकणाऱ्यांची संख्या वाढते आहे. टोकियो ऑलिम्पिकपासून स्पोर्ट क्लाइंबिंग हा ऑलिम्पिक खेळ झाला. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये बोल्डरिंग, लीड आणि स्पीड या तिन्ही प्रकारांना पहिल्यांदाच स्वतंत्र पदकं असतील.

म्हणजे कातळाला हात लावणारे लोक वाढत आहेत. त्यातले काही जण बाळेकिल्ल्याच्या खोबण्या धरून चढतात, काही जण लिंगाण्याच्या सुळक्यावर दोराला लटकतात. या सगळ्यांचा एक समज मात्र सारखा असतो : हातात ताकद असली की झालं.

हा समज किती खरा आहे? पकड नेमकी कशी काम करते, ती सुधारते कशी आणि सह्याद्रीच्या कातळावर तिचे नियम वेगळे का आहेत? समजून घेऊया.

भोर-वेल्ह्यात पकडीचा प्रश्न कुठे येतो?

या दोन तालुक्यांतले बहुतेक किल्ले चालत जाण्यासारखे आहेत. पण जवळजवळ प्रत्येक किल्ल्यावर एखादा टप्पा असा येतो, जिथे पायांबरोबर हातही लावावे लागतात.

गुंजवण्याहून चोर दरवाजाने राजगडावर जाताना शेवटचा टप्पा उभ्या कातळाचा आहे. तिथे रेलिंग आहे, खोबण्या आहेत. पद्मावती माचीवरून बाळेकिल्ल्यावर जातानाही तसंच. तोरण्यावर वेल्ह्याहून चढताना बिनी दरवाजाच्या अलीकडे कातळटप्पे आहेत. भोर तालुक्यात रायरेश्वराच्या पठारावर जायला लोखंडी शिडी चढावी लागते, तर केंजळगडावर कातळात कोरलेल्या रुंद पायऱ्या आहेत.

खऱ्या अर्थाने प्रस्तरारोहण सुरू होतं ते लिंगाण्यावर. हा सुळका रायगड जिल्ह्यात, महाड तालुक्यात मोडतो. पण त्याच्याकडे जाणारे अनेक गट वेल्हे तालुक्यातल्या मोहरी गावातून येतात. मोहरीहून रायलिंग पठाराच्या बाजूने बोराट्याची नाळ उतरायची आणि मग लिंगाण्याला भिडायचं, ही त्यांची नेहमीची वाट. इथे हार्नेस, दोर, हेल्मेट आणि अनुभवी लीड क्लाइंबर याशिवाय चढाई होत नाही.

रेलिंगचा कातळटप्पा आणि लिंगाणा यांच्यात अवघडपणाचं मोठं अंतर आहे. पण हात सुटण्याची कारणं दोन्हीकडे बऱ्याच अंशी तीच असतात.

बोटांना ताकद कुठून येते?

आपली बोटं मिटवणारे मुख्य स्नायू बोटांमध्ये नसतात. ते कोपर आणि मनगटाच्या मध्ये, म्हणजे पुढच्या हातात असतात. तिथून दोरीसारखे स्नायुबंध (टेंडन) तळहातातून बोटांच्या टोकांपर्यंत जातात. स्नायू आकुंचन पावला की ही दोरी ओढली जाते आणि बोट वाकतं.

बोट वाकताना ही दोरी हाडापासून सुटून वर येऊ नये, म्हणून तिला जागोजागी कड्यांनी बांधून ठेवलेलं असतं. मासेमारीच्या गळाच्या काठीवर दोरा कड्यांमधून नेलेला असतो, तशीच ही रचना. या कड्यांना 'पुली' म्हणतात. बोटाच्या मुळाजवळच्या हाडावर असलेली 'ए-२' ही त्यातली सर्वांत महत्त्वाची पुली. गिर्यारोहकांच्या बोटांना होणाऱ्या दुखापतींत हिचं नाव सतत येतं. बहुतेकदा दुखावतं ते अनामिकेचं किंवा मधलं बोट.

दुसरा मुद्दा रक्तपुरवठ्याचा. स्नायू जोरात आवळलेला असला की त्याच्यातल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात. ताजं रक्त पोहोचत नाही आणि काही मिनिटांत पुढचा हात दगडासारखा कडक होतो. गिर्यारोहक याला 'पंप होणं' किंवा 'हात भरणं' म्हणतात. हात भरला की डोक्याने कितीही ठरवलं तरी बोटं उघडतात.

म्हणून पकड सुधारण्याचा पहिला अर्थ होतो : गरजेपेक्षा जास्त आवळू नका. नवशिका माणूस भीतीपोटी प्रत्येक होल्ड जिवाच्या आकांताने धरतो. अनुभवी गिर्यारोहक तोच होल्ड, पडणार नाही एवढ्याच जोराने धरतो आणि उरलेली ताकद पुढच्या टप्प्यासाठी ठेवतो.

पकडीचे प्रकार कोणते?

होल्ड कसा आहे, त्यावर पकड ठरते. ढोबळमानाने हे प्रकार लक्षात ठेवता येतील.

जग : पूर्ण हात मावेल अशी खोल खोबण. बाळेकिल्ल्याच्या वाटेवर कोरलेल्या खोबण्या बऱ्याचशा या प्रकारातल्या. बोटं आत अडकवली की शरीराचा भार सहज पेलतो.

ओपन हँड : बोटं जवळपास सरळ ठेवून, आकड्यासारखी कडेवर अडकवणं. सुरुवातीला ही पकड कमकुवत वाटते, पण बोटांसाठी ती सर्वांत सुरक्षित पकडींपैकी आहे.

हाफ क्रिम्प : बोटाचं मधलं पेर साधारण काटकोनात वाकवून कडा धरणं. ताकद आणि सुरक्षितता यांचा मध्य साधणारी पकड.

फुल क्रिम्प : बोटं पूर्ण वाकवून, टोकाचं पेर उलटं दाबून, वरून अंगठ्याने तर्जनी आवळणं. अगदी बारीक कडेवर ही पकड सर्वांत घट्ट वाटते. धोकाही तिच्यातच सर्वांत जास्त.

स्लोपर : गोलसर, उतरता दगड. इथे धरायला कडाच नसते. तळहात जास्तीत जास्त टेकवायचा आणि घर्षणावर विसंबायचं.

पिंच : एका बाजूने अंगठा, दुसऱ्या बाजूने बोटं. चिमटीत धरतो तसं.

साइड पुल आणि अंडरक्लिंग : होल्ड उभा असेल तर बाजूला ओढायचं, उलटा असेल तर खालून वर ओढायचं. दोन्हींत पायांचा उलट दिशेचा जोर नसेल तर पकड टिकत नाही.

जॅम : कातळाच्या भेगेत हात किंवा मूठ घालून ती आत फुगवायची, म्हणजे हात अडकून बसतो.

मँटल : कड्याच्या सपाट कडेवर पोहोचल्यावर तळहाताने खाली दाबून अंग वर उचलायचं. पोहण्याच्या तलावातून काठावर चढतो, तसं. सह्याद्रीत कातळाचे थर पायऱ्यांसारखे एकावर एक असल्याने हे तंत्र वारंवार लागतं.

फुल क्रिम्प धोक्याची का?

फ्रान्समधल्या संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात क्रिम्प आणि स्लोप (बोटं सरळ ठेवलेली) या पकडींमध्ये बोटांच्या आत किती ताण येतो याचा अंदाज काढला होता. ए-२ पुलीवरचा भार क्रिम्पमध्ये स्लोपच्या तुलनेत सुमारे ३६ पट जास्त निघाला.

कारण सोपं आहे. दोरी जितक्या तीव्र कोनात वळते, तितकी ती कड्याला हाडापासून दूर ढकलते. बोट सरळ असेल तर दोरी कड्यातून जवळपास सरळ जाते आणि कड्यावर भार कमी येतो.

बहुतेकदा हा प्रकार घडतो तो पाय अचानक घसरल्यावर. पायांवरचं वजन क्षणात आवळलेल्या बोटांवर येतं. पुली तुटताना 'कट्' असा आवाज आल्याचं अनेक गिर्यारोहक सांगतात. त्यानंतर बोटाच्या मुळाशी दुखतं, सूज येते. अशा वेळी टेप गुंडाळून चढाई चालू ठेवणं हा सर्वांत वाईट पर्याय. चढाई थांबवून हाताच्या तज्ज्ञ डॉक्टरांना दाखवावं लागतं. एकच पुली दुखावली असेल तर बहुतेकदा शस्त्रक्रियेविना बरं वाटतं, पण त्यासाठी आठवडे ते महिने द्यावे लागतात.

किशोरवयीन मुलांच्या बाबतीत काळजीचं कारण आणखी वेगळं आहे. वाढीच्या वयात बोटांच्या हाडांच्या टोकांना वाढीचा मऊ भाग असतो. सतत फुल क्रिम्प आणि फिंगरबोर्डचा भारी सराव केल्यास तिथे फ्रॅक्चर होऊ शकतं आणि बोट कायमचं वाकडं राहू शकतं. ऑलिम्पिकमुळे लहान वयात स्पर्धेकडे वळणारी मुलं वाढत असताना पालक आणि प्रशिक्षकांनी लक्षात ठेवण्याची ही गोष्ट आहे. मुलाचं बोट मधल्या पेराशी दुखत असेल तर 'सवय होईल' म्हणून सोडून देऊ नये.

हातावरचा भार कमी कसा होतो?

इथे एक साधं गणित उपयोगी पडतं.

समजा ६० किलो वजनाचा माणूस उभ्या कातळावर आहे. पाय एका छोट्या कडेवर आहेत आणि हात पायांपासून दीड मीटर वर आहेत. पायांनी पूर्ण वजन पेललं आहे, हातांचं काम फक्त अंग मागे पडू न देण्याचं.

त्याचं अंग कातळाला चिकटून असेल आणि शरीराचा गुरुत्वमध्य पायांच्या टोकांपासून फक्त २० सेंटीमीटर बाहेर असेल, तर हातांना मिळून साधारण ८ किलो इतकाच ओढ द्यावा लागतो. तोच माणूस घाबरून कंबर मागे काढून उभा राहिला आणि हे अंतर ४० सेंटीमीटर झालं, तर ओढ १६ किलोवर जातो. म्हणजे दुप्पट. माणूस तोच, होल्ड तोच, हातही तेच. फरक फक्त कंबर कुठे आहे याचा.

पाय घसरले तर मात्र सगळे ६० किलो हातांवर येतात.

म्हणून जाणकार प्रशिक्षक 'पकड कशी सुधारू?' या प्रश्नाचं उत्तर पायांपासून सुरू करतात. बुटाचं टोक कडेवर नेमकं ठेवणं, पाय ठेवताना नजर पायावर असणं, एकदा ठेवलेला पाय न हलवणं, वर जाताना हातांनी ओढण्याऐवजी पायांनी उभं राहणं. मांडीचे स्नायू पुढच्या हाताच्या स्नायूंपेक्षा कितीतरी मोठे असतात, ते लवकर थकत नाहीत.

हात शक्य तितके सरळ ठेवणं हीसुद्धा याच तत्त्वाची पुढची पायरी. कोपर वाकवून लटकलं तर दंडही सतत काम करत राहतो. हात सरळ असेल तर भार हाडांवर आणि सांध्यांवर जातो आणि स्नायूंना उसंत मिळते. मोठा होल्ड मिळाला की एक हात सोडून खाली झटकायचा, मग दुसरा. लिंगाण्यासारख्या लांब चढाईत ही उसंतच शेवटपर्यंत पुरते.

सह्याद्रीचा कातळ वेगळा का?

परदेशी व्हिडिओंमध्ये दिसणारी चढाई बऱ्याचदा ग्रॅनाइट किंवा चुनखडीच्या कड्यांवर असते. भोर-वेल्ह्याचा कातळ बेसॉल्टचा आहे. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या काळात लाव्हाचे थरावर थर साचून दख्खनचं पठार तयार झालं. लांबून पाहिलं की डोंगरावर आडव्या पट्ट्या दिसतात, त्या याच थरांच्या.

पण सगळे थर सारखे नाहीत. काही थर घट्ट आणि टणक असतात, त्यांचे उभे कडे होतात. काही थरांमध्ये वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या, त्यात पुढे पांढरी खनिजं भरली. हे थर लवकर झिजतात. दोन थरांच्या मध्ये कधीकधी लाल मातकट पट्टा असतो, तो तर हाताने उकरता येईल इतका मऊ. ऊन-पावसाने बेसॉल्टचे कांद्यासारखे पापुद्रेही सुटतात.

याचा पकडीशी थेट संबंध आहे. ग्रॅनाइटच्या भक्कम कड्यावर 'हा होल्ड मला धरता येईल का?' असा प्रश्न असतो. सह्याद्रीत त्याच्या आधी दुसरा प्रश्न येतो : 'हा होल्ड डोंगराला धरून आहे का?'

त्यामुळे इथलं पहिलं तंत्र म्हणजे होल्ड तपासणं. तळहाताने किंवा बोटांच्या पेरांनी थोपटायचं. भरीव आवाज आला तर ठीक, पोकळ किंवा भदभद आवाज आला तर दुसरा होल्ड शोधायचा. वजन हळूहळू टाकायचं. नाइलाजाने शंकास्पद दगड धरावाच लागला तर खालच्या दिशेने दाबायचं, बाहेर ओढायचं नाही. कपाटाचा ड्रॉवर ओढला की जसा बाहेर येतो, तसाच सुटा दगड येतो. तो आपल्याबरोबर खालच्या माणसालाही घेऊन जाऊ शकतो.

दुसरी अडचण गवताची. कातळाच्या आडव्या पट्ट्यांवर माती साचते, गवत आणि कारवी उगवते. दमलेल्या हाताला गवताचा झुपका आधार वाटतो, पण त्याची मुळं बोटभर मातीत असतात. कातळकड्यापेक्षा अशा गवताळ, घसाऱ्याच्या टप्प्यांवर जास्त सावध राहावं लागतं.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे खाचेत न बघता हात घालणं. सह्याद्रीत दगडांच्या फटींमध्ये फुरसं असू शकतं. कड्यांवर आग्या मोहोळं असतात, ती तर आवाजाने किंवा उग्र वासानेही उठू शकतात. इथे आधी डोळे पोहोचतात, मग हात.

पावसाळ्यात काय बदलतं?

पकड म्हणजे शेवटी घर्षण. ओल्या, शेवाळलेल्या बेसॉल्टवर घर्षण इतकं कमी होतं की कोरड्या दिवसात डोळे झाकून धरता येणारी खोबणही निसटते. घाम टिपण्यासाठी वापरली जाणारी चॉक पावडर, म्हणजे मॅग्नेशियम कार्बोनेट, पाण्यात भिजली की लगदा होते आणि उलट घसरण वाढवते.

जाणते गट म्हणूनच पावसाळ्यात सुळक्यांच्या मोहिमा बंद ठेवतात. त्यांचा हंगाम पाऊस थांबून कातळ सुकल्यावर सुरू होतो.

किल्ल्यांवरच्या गर्दीचं गणित मात्र नेमकं उलटं आहे. राजगड-तोरण्यावर सर्वांत जास्त माणसं येतात ती पावसाळ्यात, धुकं आणि हिरवाई पाहायला. म्हणजे कातळ सर्वांत निसरडा असतो तेव्हाच सर्वांत कमी अनुभवी लोक त्यावर असतात. चोर दरवाजाच्या टप्प्यावर चढणारे आणि उतरणारे एकाच रेलिंगवर समोरासमोर येतात, कुणीतरी वाट देण्यासाठी हात सोडतो, कुणाच्या एका हातात मोबाइल असतो. प्रश्न बोटांच्या ताकदीचा राहतच नाही.

अशा ठिकाणी गिर्यारोहणातला सर्वांत जुना नियम कामी येतो : दोन हात, दोन पाय यांपैकी तीन कायम टेकलेले हवेत, एका वेळी एकच हलवायचा. त्यासाठी दोन्ही हात मोकळे लागतात. बॅग पाठीवर, मोबाइल खिशात, काठी बॅगेला बांधलेली. उतरताना कातळाकडे तोंड करून उतरायचं, म्हणजे हातांना खोबण्या सापडतात.

भिंतीवर शिकलेली पकड इथे चालते का?

काही अंशी. कृत्रिम भिंत ही शिकण्यासाठी उत्तम जागा आहे. तिथे होल्ड पक्के बोल्ट केलेले असतात, रंगाने ओळखता येतात, खाली गादी किंवा वर दोर असतो. पुण्यात अशा भिंती अनेक वर्षांपासून आहेत. नवी मुंबईत २०१६ आणि २०१७ मध्ये बोल्डरिंगच्या विश्वचषक स्पर्धाही झाल्या आहेत.

भिंतीवर बोटं, तोल, पायांचा वापर तयार होतो. पण भिंत दोन गोष्टी शिकवत नाही. पहिली, होल्ड शोधणं. कातळावर रंग नसतो, सावली आणि पोत बघून कडा ओळखावी लागते. दुसरी, होल्डवर शंका घेणं. भिंतीवर तयार झालेला चपळ मुलगा कातळावर पहिल्यांदा आला की होल्ड दिसताच झेपावतो. भिंतीवर ते कौशल्य असतं, सुट्या बेसॉल्टवर तो अपघात ठरू शकतो.

उलट डोंगरातल्या गावांमध्ये वाढलेली माणसं बोटांचा कुठलाही खास सराव न करता अवघड वाटा उतरतात. त्यांचं पाऊल हलकं पडतं, कुठला दगड हलतो याची त्यांना सवयीने जाण असते. मोहरीसारख्या गावांत मुक्काम करणाऱ्या शहरी गटांना शिकण्यासारखं काही असेल तर ते हे पायांचं शहाणपण.

सराव कसा करावा?

नव्याने शिकणाऱ्यांसाठी प्रशिक्षक साधारणपणे असा क्रम सुचवतात.

- पहिले काही महिने सोप्या चढाईवर भर. पाय आवाज न करता ठेवण्याचा सराव. पाय आपटत असेल तर तो नेमका पडत नाही असं समजावं.
- जमिनीपासून दोन-तीन फुटांवरच आडवं सरकत जाण्याचा, म्हणजे ट्रॅव्हर्सचा सराव. पडण्याची भीती नसल्याने किती कमी आवळून भागतं, हे तपासून बघता येतं.
- ओपन हँड आणि हाफ क्रिम्प यांची सवय. फुल क्रिम्प राखीव ठेवायची.
- चढाईआधी १५-२० मिनिटं अंग गरम करणं. थंडीच्या पहाटे गार पडलेल्या बोटांनी थेट अवघड होल्ड धरणं हे दुखापतीला आमंत्रण.
- फिंगरबोर्डवर लटकण्याचा सराव वर्ष-दोन वर्षांच्या नियमित चढाईनंतर. तोही कमी भाराने, ७ ते १० सेकंदांच्या टप्प्यांत आणि मध्ये पुरेशी विश्रांती घेऊन.
- बोटांच्या दोन कठीण सत्रांमध्ये किमान ४८ तासांचं अंतर. स्नायू काही आठवड्यांत ताकद धरतात, पण स्नायुबंध आणि पुली बळकट व्हायला महिने, कधी वर्षं लागतात. बऱ्याच दुखापती या मधल्या काळात होतात, कारण स्नायू तयार झालेले असतात आणि कडी अजून कच्ची असतात.
- बोटं उघडण्याचाही व्यायाम. बोटांभोवती रबर बँड लावून ती ताणली की मिटवणाऱ्या आणि उघडणाऱ्या स्नायूंचा तोल राहतो.

दोर असतोच, मग पकड कशाला?

लिंगाण्यासारख्या मोहिमांमध्ये आधी अनुभवी गिर्यारोहक चढून दोर लावतात आणि मागचे सहभागी त्या दोराच्या सुरक्षेत चढतात. त्यामुळे अनेकांना वाटतं की आपल्याला तंत्राची गरज नाही.

दोर पडल्यावर झेलतो. चढवत नाही. तंत्र नसलेला सहभागी दोरालाच हातांनी ओढत वर जातो. गुळगुळीत दोर धरायला होल्डपेक्षा जास्त आवळावं लागतं, त्यामुळे हात लवकर भरतात. मग तो मध्येच अडकतो. त्याच्यामागची रांग थांबते, उन्हात पाणी संपतं, उतरायला अंधार होतो. उतरताना रॅपलिंगमध्ये दोर नियंत्रित करायलाही तेच हात लागतात. एका माणसाच्या थकलेल्या हातांचा परिणाम असा सगळ्या गटावर होतो.

आणि मदत जवळ नसते. 'महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटर'च्या माध्यमातून राज्यातल्या गिर्यारोहण संस्थांचे स्वयंसेवक बचावकार्यात समन्वय साधतात. पण मोहरीच्या बाजूने लिंगाण्यावर पोहोचायचं तर त्यांनाही मोहरीपर्यंतचा रस्ता आणि बोराट्याची नाळ पार करावीच लागते. जखमी माणसाला त्याच वाटेने बाहेर काढायचं म्हणजे कित्येक तासांचं काम.

नियम काय सांगतात, काय सुटतं?

राज्य सरकारने ऑगस्ट २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण जाहीर केलं. साहसी उपक्रम घेणाऱ्या आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी, प्रशिक्षित मनुष्यबळ आणि योग्य साधनं ठेवावीत, असा त्याचा रोख आहे.

हे आवश्यकच आहे. पण नोंदणी आयोजकाची होते, सहभागी माणसाच्या तयारीची नाही. शनिवारी पहाटे बसमधून उतरलेल्या माणसाने याआधी कातळाला कधी हात लावला आहे का, हे तपासण्याची जबाबदारी आयोजकाच्या सद्सद्विवेकावर राहते. शुल्क भरलेल्या माणसाला 'तुमची तयारी नाही' असं सांगणं व्यवसायाच्या दृष्टीने सोपं नसतं.

यावर उपाय फार खर्चिक नाही. सुळक्याच्या मोहिमेआधी एखाद्या छोट्या कातळावर किंवा कृत्रिम भिंतीवर एक दिवसाचं सत्र घेता येतं. पाय ठेवणं, सरळ हातांनी उसंत घेणं, होल्ड थोपटून बघणं, रॅपलिंग, एवढं त्यात येतं. ज्याला ते जमत नाही, त्याने पुढच्या वर्षी यावं. काही संस्था हे आधीपासून करतात. मोहिमेत नाव नोंदवणाऱ्यांनीही किंमत आणि फोटो बघण्याआधी आयोजकाला हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

किल्ल्यांच्या बाबतीत प्रश्न गर्दीच्या व्यवस्थापनाचा आहे. राजगड आता जागतिक वारसा आहे, त्यामुळे कातळात हवी तेवढी रेलिंग आणि शिड्या ठोकत जाणं हा मार्ग असू शकत नाही. अरुंद कातळटप्प्यांवर चढणाऱ्यांना आणि उतरणाऱ्यांना आळीपाळीने सोडणं, मुसळधार पावसाच्या दिवशी असे टप्पे बंद ठेवणं, पाली दरवाजासारख्या तुलनेने सोप्या वाटेकडे लोकांना वळवणं, हे पर्याय आहेत. त्यासाठी पायथ्याच्या गावांतल्या तरुणांना प्रशिक्षण आणि मानधन देऊन नेमलं तर वाट ओळखणारी माणसं नेमक्या जागी उभी राहतील आणि गावात रोजगारही येईल.

तोवर, पुढच्या रविवारी राजगडावर जाणाऱ्यांच्या हातात एवढं तरी आहे : बॅग पाठीवर, मोबाइल खिशात, कंबर कातळाजवळ, नजर पायांवर. आणि कातळ ओला असेल, समोर रांग असेल, तर चोर दरवाजाऐवजी पाली दरवाजा.